मागून पाहिलेली माणसं

आमच्या भिंगारच्या घरात टेबल आलं ते दादाला अफसर करायचं म्हणून. त्याआधी आम्ही चुलीपुढे जमिनीवर बसून जेवत होतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. टेबल म्हणजे तरी काय, पडलेल्या गोठ्याचं दार दोन खोक्यांवर आडवं टाकलेलं आणि त्यावर आईचं उपासनेला नेसायचं जुनं पांढरं पातळ पसरलेलं. ते पातळ बाबांनी तिला न विचारता ट्रंकेतून काढलं होतं. त्यावरून आईनं अबोला धरला, आणि सोडला तेव्हा न बोललेलं सगळं व्याजासकट बोलली.

त्रेचाळीस सालचा हिवाळा होता. लढाई पेटलेली होती आणि सरकारला अफसर कमी पडत होते. एरवी आमच्यासारख्यांना साहेबाच्या बंगल्यात मागल्या दारानं घेणारं सरकार आता पुढलं दार किलकिलं करून बसलं होतं. दादा मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झालेला आणि कॅम्पातल्या डेपोत कारकून. अंगानं उंच, स्वभावानं भिडस्त, इंग्रजी मात्र फर्डं. डेपोच्या साहेबानं त्याचं नाव पुढे धाडलं, मुलाखती झाल्या, आणि नाताळ झाल्यावर महूला अफसरांच्या शाळेत हजर व्हायचं बोलावणं आलं. बाबा तेव्हा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. ते ऐकून मूठ तशीच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ह्याला जेवाय शिकवाय पायजे."

"मग इतकी वर्सं काय माती खातंय व्हय ते?" आई म्हणाली.

आईला हे सगळंच नको होतं. एकुलता एक मुलगा, हाताशी नोकरी, महिन्याचा पगार, आणि हे काय उठलं, असं तिचं म्हणणं. शेजारपाजारही टोचून बोलायचा. नगरच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कैदेत, आणि तुमचं पोरगं गोऱ्याच्या फौजेत, असं पाणवठ्यावर तिला ऐकावं लागायचं. ती तिथे त्या बायकांना गप्प करायची आणि घरी येऊन तेच वाक्य बाबांच्या अंगावर टाकायची.

बाबांची हयात पलटणीच्या अफसर मेसमध्ये बेअरा म्हणून गेली होती. साहेब लोक जेवायला बसले की त्यांच्या खुर्च्यांमागे उभं राहायचं, डाव्या बाजूनं येऊन वाढायचं, उजव्या बाजूनं येऊन बशी उचलायची, हे त्यांचं काम. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याकडे जाऊन आले होते. पुढे हात कापायला लागले तेव्हा मेस सुटला आणि ते कॅम्पात अंडी पुरवू लागले. बसऱ्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. तिकडे खजूर स्वस्त होता, याच्यापलीकडे आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

दादाला मात्र त्यांनी झपाटल्यासारखं शिकवायला घेतलं. संध्याकाळी दादा डेपोतून आला की हातपाय धुऊन त्यानं टेबलाशी बसायचं. घरातली एकुलती एक खुर्ची त्याची. मेसमधून टाकून दिलेल्या, कडा उडालेल्या बशा आणि काळवंडलेले काटेचमचे बाबांनी कधीपासून जपून ठेवले होते, ते आता राखेनं घासून चकचकीत झाले. आमटी हे सूप झालं. भाकरी हा पाव. भाजलेला बोंबील ही मासळी, आणि भरलं वांगं असलं तर तो रोस्ट. बाबा खांद्यावर फडकं टाकून एकेक पदार्थ गंभीरपणे आणायचे आणि दादाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "सूप, साब."

"लेकाला साब म्हनता?" आई चुलीपासून ओरडायची.

"आत्ता लेक न्हाई त्यो."

चमचा आपल्याकडे ओढायचा नाही, पलीकडे लोटायचा. फुंकर मारायची नाही. पाव सुरीनं कापायचा नाही, हातानं तोडायचा. खाणं संपलं की काटा आणि सुरी शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे मागच्याला कळतं. दादा सारं मुकाट्यानं करायचा. वांग्याला सुरी लावताना ते बशीतून उडून एकदा माझ्या मांडीवर पडलं, तेव्हा आई तिच्या रागातूनही खुदकन हसली होती. ती एक संध्याकाळ आमच्या घरात हलकी गेली.

पण मला त्या टेबलाची भीती वाटायची, आणि ती का, ते सांगते. बाबा ताटं चार मांडायचे. एक दादाचं, आणि तीन नुसतीच, त्यांच्यापुढे बसायला तीन खोकी. मला वाटलं, आम्हा बाकीच्यांची असतील. मी विचारलं तर म्हणाले, "एका ताटाचा मेस नसतो, बाय." इथवर ठीक. पण ते त्या रिकाम्या खोक्यांनाही वाढायचे. आमटीचं भांडं घेऊन डाव्या बाजूनं वाकायचे, माणसाला वाढून घ्यायला लागतो तेवढा वेळ थांबायचे, मग सरळ होऊन पुढच्या खोक्याशी जायचे. आमटी सांडायची नाही, कारण भांड्यातून काही कमीच होत नव्हतं. एका खोक्याशी ते नेहमी जरा जास्त थांबायचे. एकदा तिथे मटणाचा रस्सा न थांबताच पुढे नेला. दादानं विचारलं, "का हो बाबा?" तर सहज बोलून गेले, "त्येंचं पोट बरं नस्तंय." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते पाणी आणायला बाहेर निघून गेले.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. एका संध्याकाळी खेळून दमून आले आणि त्या खोक्यावर बसले. बाबा वळले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "ऊठ," ते म्हणाले, "साहेब आल्यात." ते थट्टा करत असते तर मला कळलं असतं. मी उठले आणि आईच्या पाठीशी जाऊन बसले. आमचे पाळकसाहेब उपदेशात सांगायचे की मेलेली माणसं पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत झोपलेली असतात. मी आईला हळूच विचारलं, "मग आपल्यात जेवायला कोण येतं?" आईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पण तिनंही टेबलाकडे पाठ केली नाही, हे मी पाहिलं.

नाताळाआधी मिशनच्या बंगल्यातल्या मडमबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. दादाला इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं. आता तो अफसर व्हायला निघाला म्हणून त्यांना कोण आनंद. खरं टेबल, खऱ्या खुर्च्या. बाबांसाठीही एक होती. पण बाबा आल्याबरोबर "खानसाम्याला मदत करतो" म्हणून स्वयंपाकघरात शिरले ते बाहेर आलेच नाहीत. आई पदर सावरत खुर्चीच्या टोकावर बसली. दादा मात्र छान बसला. सूप न फुंकता प्यायला, पाव हातानं तोडला, काटा-सुरी शेजारी ठेवली. बाई माझ्या आईला म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार व्यवस्थित आहे." आईचा चेहरा फुलला. नको नको म्हणत होती तरी आईच ती.

मग बाईंच्या पेल्यातलं पाणी संपलं. खानसामा आत होता. दादा उठला. रुमालाची घडी घालून त्यानं डाव्या हातावर टाकली, पाण्याचा जग उचलला, वळसा घालून बाईंच्या उजव्या बाजूला गेला, वाकून पाणी ओतलं, थेंब सांडू दिला नाही. इथवर कुणी त्याला गुणी मुलगाच म्हणालं असतं. पण पाणी ओतून झाल्यावर तो एक पाऊल मागे सरकला आणि बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. त्याला वाटत होतं, असंच असतं.

बाई मान वळवून म्हणाल्या, "अरे, बस ना बाळ." त्या हसल्या, प्रेमानंच हसल्या. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बाबा तिथे उभे होते आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं.

घरच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर आईनं तोंड उघडलं. "चाकर शिकवला तुमी, साहेब न्हाई शिकवला. तिथं त्या गोऱ्या पोरांच्या समोर उठून हुबा ऱ्हायला म्हंजी? जल्मभर हसत्याल त्येला."

"मला बसायचं ठावं न्हाई," बाबा म्हणाले. "मी कवा बसलोच न्हाई, तर शिकवू कसा?"

"मग आता बसा. त्येच्या समोर बसा आन् जेवा. बघून शिकंल त्यो."

बाबा टेबलापर्यंत गेले. खोक्यावर हात ठेवला. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, "हितं मला न्हाई बसता यायचं. ही जागा दुसऱ्याची हाय."

तेव्हा त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं, आणि पुढे आयुष्यभर ऐकत आले. बसऱ्याच्या पुढे नदीकाठी पलटणीचा तळ होता आणि तंबूत मेस होता. त्यात तीन अगदी कोवळे साहेब होते, नुकते विलायतेहून आलेले, एका फुलीचे. एक फुली म्हणजे फौजेतला सगळ्यात धाकटा अफसर. "दादा जानार हाय तीच जागा," बाबा म्हणाले. "हल्ला झाला की शिपायांच्या म्होरं पळायचं काम त्येंचं. त्येच्यामुळं सगळ्यात आदी त्येच."

एके दिवशी पहाटे पलटण पुढे गेली. संध्याकाळी ताटं किती मांडायची, ते बाबांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी सगळी मांडली. मोठे साहेब आले, बसले, आणि त्यांच्यामध्ये तीन जागा तशाच राहिल्या. ताटं उचलायचा हुकूम कुणी दिला नाही, आणि हुकमाशिवाय उचलायची ती कशी? म्हणून बाबांनी त्या जागांनाही वाढलं. एकेक पदार्थ नेला, थांबले, परत आणला. साहेबांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. उलट रोज तसंच चाललं, पलटण तिथून हलेपर्यंत. ते चुकलं की बरोबर झालं, हे बाबांना अखेरपर्यंत ठरवता आलं नाही.

"कशे हुते ओ दिसायला?" आईनं विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"तोंडं न्हाई सांगता यायची मला. जेवताना साहेबाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, आसा कायदा. मागं हुबं ऱ्हायाचं. माना सांगतो." आणि त्यांनी माना सांगितल्या. एकाची उन्हानं सोललेली, तांबडीलाल. एकाच्या मानेवर केसतोड झालं होतं, त्याला कॉलर सोसायची नाही, त्याचंच पोटही बरं नसायचं. आणि एकाची मान लांब, गोरी, मध्ये खळगा पडलेली, मागचे केस तिथे कोनासारखे उतरलेले. तो सगळ्यात लहान होता. "खुर्चीत बसला की मानंवरनंच वळखायचो मी त्येला," बाबा म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी आई आपलं ताट घेऊन आली, एका खोक्यावर बसली, आणि दादाच्या समोर जेवू लागली. बाबा "अगं" म्हणून पुढे झाले. ती म्हणाली, "बाईमानसाला उठवनार न्हाईत ते. चांगल्या घरची पोरं हुती." आणि मुठीत काटा धरून तिनं भाकरीला असा भोसकला की दादा हसत सुटला. त्यानंतर ती रोज बसली. तिला काही येत नव्हतं, पण ती बसायची, ऐसपैस, मांडी घालून, जागा आपल्या बापाची असल्यासारखी. दादा बसायला शिकला तो तिच्याकडून. त्याला उठावंसं वाटलं की ती नुसती डोळे मोठे करायची.

अजून तिचा होकार नव्हता, हे ध्यानात घ्या. "शिकवीन," ती म्हणायची, "पन जा म्हननार न्हाई." होकार बाबांचा होता, आणि तो गेला तो असा.

निघायच्या आदल्या आठवड्यात कॅम्पातला न्हावी घरी आला. फौजेला चालतील असे केस कापायचे होते. अंगणात लिंबाखाली दादा पाटावर बसला. बाबा त्याच्यापुढे आरसा धरून होते. दादा जन्मापासून मागे केस राखायचा, तेव्हाची तरुण पोरं राखायचीच. न्हाव्यानं मागून मशीन फिरवलं, मान उघडी पडली, ब्रशनं केस झटकले आणि म्हणाला, "मागून बघा की, जमलं का." बाबा आरसा घेऊन मागे गेले.

मी पायरीवर तांदूळ निवडत होते. बाबांचे हात नेहमीच कापत, पण तेव्हा ते कापायचे थांबले. मान लांब होती, ऊन न लागलेली म्हणून पांढरी, मध्ये खळगा, आणि तिथे केस कोनासारखे उतरलेले. मी पाहिलं आणि मलाही ती ओळखीची वाटली. मी बसरा पाहिलेला नव्हता, तरी माझ्या अंगावर काटा आला. दादा विचारत होता, "बाबा, चांगलं दिसतंय ना?" बाबांनी आरसा न्हाव्याच्या हाती दिला आणि ते कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेले.

त्या संध्याकाळी टेबल मांडलं नाही. दार पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकलं. बाबा दादाला म्हणाले, "छातीत दुखतंय म्हनून सांग. इस्पितळातला कंपौंडर माझ्या वळखीचा हाय. मी बोलतो त्येच्याशी."

दादाला काही समजेना. "बाबा, तुम्हीच तर..."

"मी चुकलो. जाऊ नगं."

दादा आईकडे वळला. इतके दिवस जी नको म्हणत होती तिच्याकडे, म्हणजे आता दोघांचं एकमत झालं आणि प्रश्नच मिटला, असं त्याला वाटलं असावं. त्याचा चेहरा असा पडला होता की मला रडू आलं. त्याला जायचं होतं. ते तोवर कुणी त्याला विचारलंच नव्हतं. बाबांना त्याला साहेब करायचा होता, आईला घरात ठेवायचा होता, आणि तो आपला भिडस्तपणे काटेचमचे शिकत होता. त्या क्षणी ते मला दिसलं आणि आईलाही दिसलं.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पदराला पुसले आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली. "अवं, ह्या घरात भ्यायचं काम माझं हुतं," ती म्हणाली. "तुमाला धीर हाय म्हनून मी पोटभर भ्याले. आता तुमीबी भ्यायला लागल्यावर पोरानं बघायचं कुनाकडं? दोघांनी मिळून भ्यायचं न्हाई. आजपून मी भीत न्हाई. तुमी भ्या." आणि दादाला म्हणाली, "तू जा. मी सांगते, जा."

तिनं शब्द पाळला. नगर स्टेशनात मनमाडची गाडी लागली तेव्हा बाकीच्या आया डोळ्याला पदर लावून होत्या, आणि आमची आई दादाच्या नव्या टोपीची टिंगल करत होती. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, फलाटावरच्या हमालानंसुद्धा शेवटी आमेन म्हटलं. बाबा दादाच्या मागे उभे होते. तो चार पावलं सरकला की तेही चार पावलं सरकायचे, पण समोर यायचे नाहीत. गाडी हलल्यावर दादा दारातून वळून हात करू लागला. बाबांनी तेव्हा खाली पाहिलं.

त्यानंतर महिने गेले. घरात भिण्याचं काम आता बाबांकडे होतं आणि ते त्यांनी नेटानं केलं. खाणं तुटलं, झोप तुटली. आई मात्र सणकून जेवायची, शेजारणींना ऐकवायची, कॅम्पावरून जाताना ताठ चालायची. ती रात्री उशी तोंडात धरून रडते का, हे मी कान देऊन ऐकलं आहे. नाही रडायची. सोंग इतकं पुरं केलं की ते सोंग उरलं नाही.

दादा आला तो खांद्यावर एक फुली घेऊन. रजा थोडी होती. पुढे कुठे जाणार ते सांगायची परवानगी नव्हती, पण त्यानं आईला विचारलं, पावसात कपडे कुजू नयेत म्हणून काय करतात, आणि बाबांना ब्रह्मदेश कळला. महूच्या गोष्टी त्यानं रंगवून सांगितल्या. पहिल्या दिवशी मेसमध्ये उठून उभं राहायला होऊ नये म्हणून तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, आणि समोर आई डोळे मोठे करून बसली आहे असं समजत होता. आम्ही हसलो. मग तो म्हणाला, "पण बाबा, मागं बेअरा येऊन उभा राहिला की मला घास जात नव्हता. वाटायचं, तुम्हीच आहात."

जायच्या दिवशी आईनं कोंबडी केली. जेवण जमिनीवरच, चुलीपुढे. दादा पाटावर बसला. बाबा सवयीनं त्याच्या मागे जाऊन वाढायला उभे राहिले. आईनं त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "आज मागं न्हाई," ती म्हणाली. "आज समोर बसा. जेवतुया तवा लेकाचं तोंड बघा एकडाव तरी."

आणि खरंच, त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. दादा लहान असताना त्याच्या जेवणाच्या वेळी बाबा मेसमध्ये दुसऱ्यांच्या मागे उभे असायचे. नंतर टेबलाशी शिकवलं तेही मागूनच. बाबा बसले. अवघडून, एका मांडीवर, पण बसले. त्यांनी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. ते बघत होते. दादा डाव्या बाजूनंच चावतो, हे त्यांना दिसलं असेल. तोंडात घास असताना बोलतो, आणि मग त्याचं त्यालाच हसू येतं. वरच्या ओठाला रस्सा लागतो आणि तो त्याला कळत नाही. दादा लाजला, म्हणाला, "काय बघताय बाबा, जेवा की." बाबा म्हणाले, "जेव तू. जेव." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, पण तिचं सगळं लक्ष पाठीमागे होतं. आपण फार मोठं काम केलं असं तिला वाटत होतं, आणि मलाही तसंच वाटलं.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात तार आली. दादा ब्रह्मदेशात पडला होता, शिपायांच्या पुढे. पुरायला काही आलं नाही. मिशनच्या देवळात उपासना झाली, मडमबाई रडल्या, पाळकसाहेब पुनरुत्थानाबद्दल बोलले. आईचं सोंग त्या दिवशी सुटलं आणि पुढे कितीतरी दिवस ती आवरली नाही. बाबा रडले नाहीत. काही महिन्यांत लढाई संपली, कॅम्पात बँड वाजला, तेव्हा ते दाराला कडी लावून आत बसले होते.

त्यानंतर त्यांनी ताटं मांडली नाहीत, खोकी सरपणात गेली. मला वाटलं, सुटले. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास ते अंथरुणाला खिळले. मी तेव्हा मिशनच्या शाळेत शिकवायला लागले होते. दुपारी घरी येऊन मी त्यांना पेज भरवायची. एकदा त्यांनी दोन घास घेऊन तोंड फिरवलं. मी म्हटलं, "बाबा, थोडी तरी घ्या."

ते म्हणाले, "त्या माना येत्यात आजून. त्येंचं काय न्हाई. येत्यात, बसत्यात, जात्यात. त्येंला तोंड न्हाई, म्हनून माज्याकडं बघत न्हाईत." मग त्यांनी अंथरुणासमोरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "ह्यो बघतो. समोर बसतो, जेवत ऱ्हातो आन् बघतो. ह्येच्या म्होरनं मला उठता येत न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुज्या आईनं मला समोर बसवाय नको हुतं. तिला सांगू नगंस."

आई त्यांच्यामागे पुष्कळ वर्षं जगली. म्हातारपणी ती सगळं विसरत गेली, पण ते एक जेवण ती विसरली नाही. घरी कुणीही आलं, दूधवाला आला तरी, ती सांगायला बसायची. लेक गेला त्याला मी काय करणार, देवाची मर्जी. पण जायच्या आधी बापाला समोर बसवून लेकाचं तोंड पोटभर बघायला लावलं मी. त्यामुळं तर मानूस शांत गेलं. आणि मग माझ्याकडे वळून विचारायची, "व्हय ना गं?"

मी व्हय म्हणायचे.